दृष्टीआड असावें, लहरीआड नसावें

घर नीटनेटकें दिसावें ही इच्छा मनुष्यमात्रास स्वाभाविक आहे; आणि ज्या घरांत तीन-तीन पिढ्या एकत्र नांदतात तेथें तर ती एक शिस्तच होऊन बसते. वस्तु नित्याच्या वापरांत असावी, परंतु आल्यागेल्याच्या डोळ्यांत खुपूं नये, हा आपल्या गृहिणींचा जुना दंडक आहे. म्हणूनच जातें माजघराच्या कोपऱ्यांत राहिलें, वळकट्या फडताळांत गेल्या, आणि घरांत वीज आली तेव्हां तिच्या तारा आधीं लांकडी पट्ट्यांखालून व पुढें भिंतीच्या पोटांतून नेण्यांत आल्या. अलीकडे मात्र घरोघर असा एक बिऱ्हाडकरू राहावयास आला आहे कीं, त्यास कोठें बसवावें हें कोणासच उमगत नाहीं. त्याचें नांव वायफायचा राउटर. काळा किंवा पांढरा डबा, त्यास दोन-चार शिंगें, अंगावर लुकलुकणारे हिरवे दिवे आणि मागें तारांचें जंजाळ, असें त्याचें ध्यान. शिसवी कोचाशेजारीं आणि पूर्वजांच्या तसबिरींखालीं हें ध्यान पाहून यजमानीणबाईंचा जीव वरखालीं झाला, तर त्यांत नवल तें काय?

मग त्यास दडविण्याचे उद्योग सुरू होतात. कोणी त्याला टीव्हीच्या पाठीमागें सारतो, कोणी लोखंडी कपाटांत कोंडतो, कोणी फ्रीजमागच्या फटींत उभा करतो, तर कोणी माळ्यावर पितळी पातेल्यांच्या उतरंडीमागें नेऊन ठेवतो. दिवाणखाना सुंदर दिसूं लागतो. परंतु त्याच दिवसापासून घराच्या दुसऱ्या टोकास कुरबुर सुरू होते, आणि ती बैठकींतल्या मंडळींच्या कानांवर लवकर येत नाहीं. कारण उघड आहे. डब्याजवळ बसणाऱ्यास दुर्बळ झालेली लहरहि पुरते. उणें पडतें तें शेवटच्या खोलीस. आणि शेवटच्या खोलींत कोण असतें? बहुधा घरून कचेरीचें काम करणारी सून, ऑनलाइन परीक्षा देणारा नातू, किंवा परदेशीं राहणाऱ्या लेकाचें मुख फोनच्या पडद्यावर पाहूं इच्छिणारी आजी. लेकाचा चेहरा पडद्यावर गोठतो, सुनेचा आवाज ऐन सभेच्या मध्यावर तुटतो, आणि दोष मात्र इंटरनेट पुरविणाऱ्यांच्या माथीं मारला जातो. पाहुण्यांच्या घटकाभराच्या समाधानासाठीं घरच्या माणसांनीं दिवसभर किंमत मोजावी, आणि तीहि ज्यांचा आवाज घरांत आधींच हळू त्यांनींच मोजावी, हा व्यवहार आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

सुदैवानें शोभा आणि सोय यांत हाडवैर मुळींच नाहीं. डबा दृष्टीआड करतां येतो आणि लहरहि मोकळी ठेवतां येते. मात्र त्यासाठीं दृष्टि कशानें अडते आणि लहर कशानें अडते, हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

डोळ्यांस दिसणारा प्रकाश आणि राउटरची बिनतारी लहर हीं एकाच कुळांतील भावंडें होत. दोन्ही विद्युच्चुंबकीय लहरीच. भेद काय तो लांबीचा. प्रकाशलहरीची लांबी मिलिमीटरच्या सहस्रांशाच्या सुमारें निम्मी भरते. राउटरच्या दोन प्रमुख लहरींपैकीं एक सेकंदास सुमारें २४० कोटि कंपनें करते, तिची लांबी सुमारें ५ इंच. दुसरी ५०० कोटींहून अधिक कंपनें करते, तिची लांबी सुमारें सवादोन इंच. लांबींत एवढें अंतर पडल्यामुळें प्रकाशास जी भिंत तेंच बिनतारी लहरीस दार, असें पुष्कळदां घडतें. याचा दाखला पुष्कळांच्या स्वयंपाकघरांतच आहे. मायक्रोवेव्हच्या दारास कांचेलगत बारीक छिद्रांचा धातूचा पत्रा असतो. त्या छिद्रांतून आंतील पदार्थ डोळ्यांस दिसतो. परंतु आंतली लहर, जी राउटरच्या पहिल्या लहरीची जवळजवळ जुळी बहीणच होय, ती बाहेर येऊं शकत नाहीं, कारण तिच्या लांबीपुढें तीं छिद्रें अगदींच क्षुद्र आहेत. उलटपक्षीं, लांकडी दाराआडचें डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं, पण बिनतारी लहर त्यांतून बहुतांशीं सुखरूप पार होते.

हें ज्ञान आजकालचें नव्हे. जर्मनींत कार्ल्सरूह येथें हाइनरिख हर्ट्झ यांनीं १८८८ सालीं या लहरींवर प्रयोग केले, तेव्हां त्यांनीं जस्ताच्या पत्र्याचे मोठाले आरसे करून लहरी परतविल्या, आणि डांबरासारख्या काळ्याकुट्ट द्रव्याचा प्रचंड लोलक ओतून त्यांतून त्या वळवून दाखविल्या. जेथें डोळ्यांस केवळ अंधार, तेथें लहरीस वाट मिळाली. आपल्याकडे कलकत्त्यास जगदीशचंद्र बसु यांनीं १८९५ च्या सुमारास बिनतारी लहर भिंतींतून पार करून पलीकडे घंटा वाजविली व बंदुकीची दारू पेटवून दाखविली. ज्या लहरीवर आज आपल्या घरचें काम चालतें, तिचा भिंतीशीं असलेला हा संबंध अशा रीतीनें सव्वाशें वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे.

असलेली वस्तु दिसत कां नाहीं, याचा विचार आपल्या शास्त्रकारांनींहि केला आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेंत याचीं आठ कारणें गणलीं आहेत. वस्तु फार दूर असली, अगदीं निकट असली, इंद्रिय विकल असलें, मन ठिकाणावर नसलें, वस्तु अतिसूक्ष्म असली, मध्यें आडपडदा आला, अधिक तेजस्वी वस्तूनें तिला झांकोळलें, किंवा ती आपल्यासारख्याच वस्तूंत मिसळून गेली, तर ती असूनहि दिसत नाहीं. प्रकृतीसारखें तत्त्व असूनहि दिसत कां नाहीं हें सांगण्याचा शास्त्रकारांचा हेतु होता. परंतु त्यांची ही गणना आमच्या विषयास चांगलीच उपयोगी पडते. सहाव्या कारणास ते व्यवधान म्हणतात आणि आठव्यास समानाभिहार. घरोघर राउटर लपवितांना व्यवधानाचा मार्ग धरला जातो, म्हणजे मध्यें कांहींतरी जाडजूड आडवें घातलें जातें, आणि तेथेंच लहर खचते. समानाभिहाराचा मार्ग धरला, म्हणजे डबा मोकळ्यावर ठेवून त्याच्या भोंवतीं त्याच रंगरूपाच्या वस्तु असूं दिल्या, तर उडदाच्या राशींत टाकलेल्या उडदाच्या दाण्याप्रमाणें तो नजरेस लागत नाहीं आणि लहरीसहि कांहीं अडत नाहीं. क्वचित् पडदा घालणें भागच असलें, तर तो डोळ्यांपुरताच असावा. एवढें तत्त्व ध्यानीं धरलें म्हणजे पुढचें सारें तपशिलाचें काम आहे.

मोठमोठ्या कामांतहि हेंच तत्त्व पाळलें जातें. प्रवासी विमानाच्या नाकाड्यांत हवामानाचें रडार असतें. म्हणून विमानाचें बाकीचें अंग धातूचें असलें तरी नाकाडें कांचतंतूंच्या थरांसारख्या लहरीस वाट देणाऱ्या द्रव्याचें करतात. अमेरिकेंत १९९२ सालीं डेन्व्हर येथें मोबाइलचा मनोरा पाइन वृक्षाच्या वेषांत उभा करण्यांत आला, आणि पुढें ताडाच्या वेषांतले मनोरेहि तिकडे पुष्कळ झाले. या सोंगाड्या वृक्षांचा खांब पोलादी असला, तरी अँटेनांपुढचीं पानें प्लास्टिकचीं असतात. तीं पत्र्याचीं केलीं असतीं तर झाड हुबेहूब दिसलें असतें, आणि गांवचे फोन मात्र मुके झाले असते.

तेव्हां कोणता पदार्थ लहरीस कसा वागवितो, हें मनांत ठसवून घ्यावें. धातु हा पहिला शत्रु. लोखंडी कपाट, तिजोरी, फ्रीज, टीव्हीची पाठ, डासांसाठीं लावलेली पोलादी जाळी, हीं सारीं लहरीस परत फिरवितात. आरसा दिसावयास कांचेचा, पण त्याच्या पाठीस धातूचा मुलामा असतो, म्हणून तोहि त्याच पंक्तींतला. ऊन अडविणाऱ्या कित्येक नव्या कांचांवरहि धातूचा न दिसणारा थर असतो. दुसरा शत्रु पाणी. तें लहर गिळून टाकतें. माशांची कांचपेटी, पाण्याचें पिंप आणि पावसाळ्यांत ओल धरलेली भिंत यांच्या आड डबा ठेवूं नये. तिसरे दगड, वीट आणि काँक्रीट. हे शत्रु नसले तरी जबर जकात घेणारे नाकेदार आहेत. प्लायवूडची किंवा जिप्समची पातळ भिंत लहरीची शक्ति फार तर निम्म्यावर आणते. सळ्या घातलेली काँक्रीटची भिंत तीच शक्ति दहाव्या, कधीं कधीं शंभराव्या हिश्श्यावर आणून सोडते. सवादोन इंचांची लहर वेगवान खरी, पण भिंतीपुढें ती ५ इंचांच्या लहरीपेक्षां लवकर थकते. उरले मित्र. कोरडें लांकूड, वेत, बांबू, सुती कापड, कागद आणि साधें प्लास्टिक हीं सारीं लहरीस जवळजवळ निर्वेध वाट देतात.

आतां जागेविषयीं. डबा होतां होईल तों घराच्या मध्याजवळ आणि माणसाच्या डोक्यापेक्षां उंच असावा. कारण कपाटें, खुर्च्या आणि स्वतः माणसें यांची गर्दी खालींच असते, आणि मनुष्यदेहांतहि पाण्याचाच अंश मोठा आहे. पुस्तकांची उघडी लांकडी मांडणी ही यास उत्तम जागा होय. मात्र डबा पुस्तकांच्या मागें न ठेवतां वरच्या फळीवर, पुस्तकांच्या रांगेंत ठेवावा. लांकडी कपाटाचें डोकें, माजघरांतला उंचावरचा कोनाडा, दाराच्या चौकटीवरची फळी, याहि जागा चांगल्या. कोणत्याहि धातूपासून निदान वीतभर अंतर राखावें. कारण अगदीं लगत असलेला धातु लहर अडवितोच, शिवाय अँटेनेचा सूरहि बिघडवितो. बाहेर शिंगें असलेल्या राउटरची लहर शिंगाच्या कडेनें चाकासारखी चोहोंकडे पसरते आणि शिंगाच्या टोकाकडे दुबळी असते. म्हणून एकाच मजल्यासाठीं शिंगें उभीं ठेवावीं. माडीवरहि लहर पोंचवावयाची असेल तर एक शिंग आडवें करावें. फळीवर बसावा म्हणून डबा कुशीवर निजविणें किंवा शिंगें मुडपून ठेवणें हें अयोग्य.

दुसरा प्रकार ॲक्सेस पॉइंट म्हणून मिळणाऱ्या पांढऱ्या, चपट्या चकत्यांचा. यांस बाहेर शिंगें नसतात. छतावर लावण्याच्या चकतीची लहर मुख्यतः तोंडाच्या बाजूनें, खालीं व सभोंवार पसरेल अशी योजना असते. म्हणून ती छताच्या मध्यावर तोंड खालीं करून लावावी. चुन्याच्या पांढऱ्या छतावर ती दिव्याच्या बैठकीसारखी दिसते आणि कोणी मान वर करून तिची चौकशी करीत नाहीं. समानाभिहाराचें याहून चांगलें उदाहरण शोधावयास नको. छत जिप्समचें, खोटें असेल तर चकती त्याच्यावरहि ठेवतां येते. परंतु तेंच छत पत्र्याचें असेल, किंवा वर चंदेरी वर्खाचें आच्छादन अंथरलेलें असेल, तर चकती खालींच असली पाहिजे.

झांकण घालावयाचेंच झाल्यास लांकडी जाळी, वेताची परडी किंवा चौकटीवर ताणलेलें खादीचें विरळ कापड पुरें होतें. मात्र जरीकामाचें कापड वापरूं नये, कारण जर म्हणजे धातूचीच तार. आणि सोन्याचा वर्ख लावलेलें तंजावरी चित्रहि डब्यापुढें टांगूं नये. त्याच जागीं साध्या कापडावर किंवा कागदावर काढलेलें चित्र लांकडी चौकटींत बसवून लावलें, तर लहरीची कांहीं हरकत नसते. याहून महत्त्वाची गोष्ट उष्णतेची. राउटर अहोरात्र जागा असतो आणि त्याचें अंग कोंबटच राहतें. त्यास बंद पेटींत घातलें कीं वैशाखांत तो तापून वेग मंदावतो किंवा मधूनच बंद पडतो, आणि मग दोष लहरीचा कीं उन्हाचा हें कळत नाहीं. म्हणून आवरणास खालीं व वर हवेची वाट ठेवावी, आणि चारी बाजूंनीं दोन-तीन इंच जागा मोकळी असावी.

रंगाविषयींहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. भिंतीशीं रंग जुळावा म्हणून डब्यासच रंग फांसण्याचा मोह होतो. त्यांत हवेचीं छिद्रें बुजतात, आणि हमीवरहि पाणी सोडावें लागण्याचा संभव असतो. शिवाय चंदेरी-सोनेरी रंगांत धातूचा चुरा असूं शकतो. त्यापेक्षां निर्मात्याचें निराळें आवरण मिळत असेल तर तें घ्यावें. कांहीं निर्माते लांकडाच्या, संगमरवराच्या किंवा सिमेंटच्या छटेचीं आवरणें विकतात. ज्या यंत्राच्या आवरणास रंग देण्यास निर्मात्याची मुभा असेल, तेथें साधा, पाण्यांत कालविलेला, धातुविरहित रंग द्यावा. रात्रीं खुपणारे हिरवे दिवे पुष्कळ यंत्रांत त्याच्याच व्यवस्थेंतून मालवितां येतात; न मालवतां आल्यास काळ्या चिकटपट्टीचा तिळाएवढा तुकडा पुरे. डोळ्यांस जी टोंचणी लागते तिचा अर्धा भाग या दिव्यांचा आणि उरलेला तारांचा असतो, डब्याचा स्वतःचा थोडाच. म्हणून दिवे मालवून तारा आवरल्या, तर पुष्कळ घरांत आणखी कांहीं लपविण्याचें कारणच उरत नाहीं.

तारांचा बंदोबस्त असा. छतावरच्या चकतीस विजेचा आणि इंटरनेटचा असे दोन पुरवठे लागतात. परंतु २००३ सालीं ठरलेल्या एका प्रमाणपद्धतीपासून एकाच जाळेतारेंतून दोन्ही नेतां येऊं लागले. या सोयीचीं यंत्रें घेतलीं म्हणजे छतापाशीं विजेचें निराळें बटण काढावें लागत नाहीं. ही तार १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे मोठ्या वाड्यासहि पुरून उरते. ती केसिंगपट्टींत घालून छत व भिंत यांच्या सांध्यांतून न्यावी आणि पट्टीस भिंतीचाच रंग द्यावा. डबा रंगविण्याची हौस येथें खुशाल भागवावी. प्लास्टिकच्या पट्टीस ना उष्णतेचें भय, ना लहरीचें.

ज्यांचीं घरें जुन्या पद्धतीचीं आहेत, दोन-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती ज्यांत आहेत, त्यांनीं एकाच डब्याकडून साऱ्या घराची अपेक्षा करूं नये. तो कितीहि दर्शनी भागीं ठेवला तरी तिसऱ्या भिंतीपाशीं हात टेकणारच. तेथें दुसरें यंत्र हवें, आणि तें शक्य तर तारेनें जोडावें. तार नेणें अशक्यच असेल, तर एकमेकांशीं बिनतारी बोलणारीं जोडयंत्रें मिळतात. परंतु दुसरें यंत्र जेथें लहर पोंचत नाहीं त्या खोलींत ठेवणें व्यर्थ होय. ज्यास स्वतःस ऐकूं येत नाहीं तो निरोप पुढें काय पोंचविणार? तें दोहोंच्या मध्यें, जेथें पहिल्याची लहर अजून चांगली मिळते अशा जागीं ठेवावें. दोन लहान यंत्रें दोन कोपऱ्यांत विरून जातात, आणि एकच मोठें, सहा शिंगांचें धूड लपवितां लपत नाहीं, हाहि त्यांत लाभ.

शेवटीं परीक्षेविषयीं. झांकण घातल्यावर लहर खचली कीं नाहीं, याचा निवाडा अंदाजानें करूं नये. प्रत्यक्ष प्रमाण हाताशीं आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर लहरीचें बळ आंकड्यांत दाखविणारें ॲप घेतां येतें. हा आंकडा ऋण असतो, म्हणजे उणे ५० हें बलवान आणि उणे ८० हें क्षीण समजावें. बोलणें व चित्र अखंड चालावयास साधारणतः उणे ६७ च्या खालीं जाऊं नये. आंकडा ३ नें उतरला कीं शक्ति निम्मी होते आणि १० नें उतरला कीं दहावा हिस्सा राहते, हें गणित ध्यानांत ठेवावें. शेवटच्या खोलींत, दार लावून, एकाच जागीं, एकाच फोनवर, झांकण घालण्यापूर्वीं तीन वेळां आणि घातल्यावर तीन वेळां आंकडा टिपून घ्यावा. सरासरींत दोन-तीनांचा फरक आला तर तो सोडून द्यावा. तेवढा चढउतार एरव्हींहि होत असतो. सहा किंवा अधिक उतरला, म्हणजे शक्ति चौथ्या हिश्श्यावर आली असें समजून आवरण किंवा जागा बदलावी.

हें मोजमाप कोणाच्या हातून व्हावें, हेंहि आम्ही सुचवून ठेवतों. यजमानांनीं दिवाणखान्यांतल्या कोचावर बसून निर्वाळा देऊं नये. शेवटच्या खोलींत जी काम करते किंवा जो अभ्यास करतो, त्याच्याच हातीं फोन आणि वही द्यावी, आणि डब्याची जागा त्याच्या आंकड्यांवरून ठरवावी. शोभेचा निर्णय गृहिणीनें करावा, लहरीचा निर्णय मागल्या खोलीनें करावा, आणि दोन्ही जुळतील ती जागा सर्वांनीं मान्य करावी. एकत्र कुटुंबांत पाणी, दिवा आणि जेवण हीं शेवटच्या माणसापर्यंत पोंचलीं कीं नाहींत हें पाहण्याची आपली रीत आहेच. त्या यादींत आतां ही एक लहर वाढली, एवढेंच. इत्यलम्.